लेख किती लांब असावा? (साडेचार हजार शब्द घेऊन अडकलोय)

गवाक्ष (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हौशी आकाशनिरीक्षकांसाठी एक लेख लिहून ठेवलाय. विषय: पहिली दुर्बीण घेताना काय बघावं. शब्द साडेचार हजारांच्या घरात. दोन मित्रांना वाचायला दिला. एक म्हणाला, "पाचशेच्या वर कोणी वाचत नाही, छाट." दुसरा म्हणाला, "गूगलला लांब लेख आवडतात, अजून हजारभर वाढव." दोघेही ठाम. लेख दोघांनीही पूर्ण वाचलेला नाही, हे वेगळं.

मला तो लोकांपर्यंत पोचायला हवाय. पोचणं म्हणजे नुसती लिंक उघडली जाणं नव्हे. खोक्यावर "५०० पट मोठं दिसेल" असं छापलेली साठ मिलिमीटर व्यासाची दुर्बीण वाचणाऱ्याने उचलू नये, इतपत परिणाम हवा.

लेखात आधी गॅलिलिओ-न्यूटनचा थोडा इतिहास आहे. मग प्रकाश भिंगातून कसा वळतो, भिंगाची दुर्बीण आणि आरशाची दुर्बीण, व्यास का महत्त्वाचा, वर्धनाचा आकडा फसवा कसा, आणि स्टँड डळमळीत असेल तर सगळंच मुसळ केरात कसं जातं ते. शेवटी काय घ्यावं आणि काय टाळावं.

कापू, भाग पाडू, की आहे तसा टाकू? आणि शब्दांचा काही योग्य आकडा खरंच असतो का?

नाठाळ

"शेवटी काय घ्यावं." ते शेवटी का?

मध्यरात्र

भाग पाडा हो. चार भाग, दर आठवड्याला एक. उत्सुकता टिकते, आणि दर वेळी धागा वर येतो. आम्ही 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहायला बसलेलोच आहोत.

विदाप्रेमी

आकडा मागितलात म्हणून आकडे देतो, पण प्रत्येकाची खोड पण सांगतो.

वेब-वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांचं २००८ चं विश्लेषण सगळीकडे फिरतं. सरासरी भेटीत लोक पानावरचे फार तर २८ टक्के शब्द वाचता येतील एवढाच वेळ देतात, असं त्यात आहे. त्याच विश्लेषणात याहून कामाचा एक आकडा आहे, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पानावर १०० शब्द वाढले की माणूस ४.४ सेकंद जास्त थांबतो. मिनिटाला २५० शब्दांच्या गतीने तेवढ्यात १८ शब्द वाचून होतात. म्हणजे तुम्ही शंभर वाढवायचे आणि त्यातले अठरा वाचले जायचे. आता खोड: हा विदा (डेटा) अवघ्या पंचवीस माणसांच्या ब्राउझरमधला आहे, आणि त्यात नुसते लेख नाहीत, सगळ्या तऱ्हेची पानं आहेत. काही शोधायला आलेला माणूस आणि वाचायला आलेला माणूस एकाच मापाने मोजलाय.

दुसऱ्या टोकाला प्यू रिसर्च सेंटरचा २०१६ चा अहवाल. बातम्यांची ३० संकेतस्थळं, ७४,८४० लेख, आणि फक्त मोबाइलवरचं वाचन. हजार शब्दांच्या वरच्या लेखांवर लोक सरासरी १२३ सेकंद रेंगाळले, त्याहून छोट्या लेखांवर ५७ सेकंद. 'मोबाइलवर लांब चालत नाही' म्हणणाऱ्यांनी हा अहवाल जरूर बघावा. पण लगेच नाचूही नका. मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी मूकवाचनाची गती काढली. ललितेतर मजकुरासाठी ती मिनिटाला २३८ शब्द आहे. त्या हिशोबाने १२३ सेकंदांत ४९० च्या आसपास शब्द होतात. लेख हजाराचा असला तरी सरासरीने निम्माच.

तुमच्या पाचशेवाल्या मित्राला हे वाचून आनंद होईल, पण त्याने सरासरीवर भाळू नये. कोणी दहा सेकंदांत निघून जातो, कोणी शेवटच्या ओळीपर्यंत बसतो, आणि मधला आकडा दोघांपैकी कोणाचाच नसतो. दुर्बीण घ्यायची हे ज्याचं ठरलंय तो दोन हजार शब्द सहज वाचेल. ज्याला घ्यायचीच नाही, त्याला दोनशेही जास्त.

गवाक्ष

विदाप्रेमी, अनेक आभार. आणि गूगलचं काय?

विदाप्रेमी

गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लेखकांना विचारलेला एक प्रश्न आहे. त्याचा आशय असा: गूगलला अमुक शब्दसंख्या आवडते असं ऐकून तुम्ही तेवढे शब्द लिहिताय का? आणि पुढे कंसात उत्तरही देऊन टाकलंय की नाही, अशी आमची काही आवड नाही.

वर दिसणारी पानं बऱ्याचदा लांब असतात हे खरं. पण लांब लेखात जास्त प्रश्नांची उत्तरं येतात, म्हणून इतर लोक त्याचा दुवा देतात, म्हणून तो वर जातो. नुसते शब्द वाढवून यातलं काहीच घडत नाही. 'आदर्श लेख सात मिनिटांचा' हा मीडियम या ब्लॉगच्या संकेतस्थळाचा आकडाही असाच वाट चुकलेला. २०१३ मध्ये त्यांनी त्यांच्या एका संकेतस्थळापुरतं बघितलं की कोणत्या लांबीच्या लेखावर एकूण वेळ जास्त जातो. त्यावरून कोणीतरी १,६०० शब्द काढले, आणि तो 'आदर्श' होऊन बसला.

स्वल्पविराम

उमेदीची वर्षं संपादनात गेली म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

छापील पानावर लांबी आम्ही ठरवत नव्हतो, जागा ठरवायची. जाहिरात आली की बातमी खालून कापायची. म्हणून बातमी लिहितानाच महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली, हा उलट्या पिरॅमिडचा शिरस्ता. कापणाऱ्याला विचार करायची गरज पडू नये. पडद्यावर जागा संपत नाही, म्हणून लेखकाचा हात कोणी धरत नाही. आता कापणारा संपादक नाही, वाचक आहे. तो कुठे कापेल ते तुम्हाला कळतही नाही.

गवाक्ष, तुमच्या लेखाची लांबी साडेचार हजार नाही. वाचणाऱ्याला जाणवते ती लांबी म्हणजे त्याच्या पहिल्या प्रश्नापर्यंत पोचायला लागणारे शब्द. तुमच्या क्रमानुसार इतिहास, मग प्रकाशशास्त्र, मग दोन प्रकार, आणि तिथून पुढे व्यास. दीड-दोन हजार शब्द गेले असतील. याला नमनाला घडाभर तेल म्हणतात. हाच मजकूर, यातला एक शब्दही न कापता, उलटा लावलात तर लेख निम्म्याने छोटा वाटेल.

आमच्याकडे नवीन माणसाला एक काम सांगायचो. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने लिहायचं की हा वाचकाच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. लेखकाच्या नव्हे, वाचकाच्या. ज्या परिच्छेदापुढे काहीच लिहिता येत नाही तो उडवायचा. दोन परिच्छेदांपुढे एकच प्रश्न आला तर त्यातला बरा ठेवायचा. उडवलेले परिच्छेद बहुतेक वेळा लेखकाला सर्वांत लाडके असतात. त्यामुळे रडारड व्हायची.

टंकनिका

एक तांत्रिक बाब. वर जे शब्दांचे आकडे आले ते सगळे इंग्रजीचे. ते मराठीला जसेच्या तसे चिकटवू नका. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडून येतात. 'दुर्बिणीतून' हा मोजणीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो, पण शब्द लांब आणि भरलेले असतात. त्यामुळे 'वाचनवेळ: ६ मिनिटे' असं जे यंत्र आपोआप छापतं, ते इंग्रजीची गती धरून भागाकार करत असेल, तर मराठी लेखाला हमखास कमी वेळ दाखवतं.

अक्षरमर्यादेचा प्रकार तर आणखी मजेदार. यंत्र अक्षरं मोजत नाही, संकेतांक (अक्षराच्या प्रत्येक घटकाला यंत्रात दिलेला क्रमांक) मोजतं. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं. यंत्राला स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा दिसतात. ट्विटरने २०१७ मध्ये १४० चे २८० केले, तेव्हा देवनागरीत लिहिणाऱ्यांना कुठे श्वास घेता आला. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीची फक्त ७०, त्यातही ही असली मोजणी. निरोप दोन तुकड्यांत जातो तो लिहिणारा पाल्हाळिक आहे म्हणून नव्हे.

नाठाळ

म्हणजे आपण जन्मजात पाल्हाळिक नाही, यंत्र तसं समजतं. बरं वाटलं.

खोडरबर

मध्यरात्र यांच्या चार भागांना माझा साफ विरोध.

क्रमशः चालतं ते कथेला. डिकन्सच्या कादंबऱ्या बत्तीस-बत्तीस पानांच्या मासिक अंकांतून यायच्या आणि लोक वाट बघायचे, कारण पुढे काय होतं ते कळायचं असायचं. दुर्बिणीच्या भिंगाचं पुढे काय होतं याची वाट कोण बघणार? ज्याला येत्या शनिवारी खरेदी करायची आहे त्याला चौथा भाग तीन आठवड्यांनी मिळून उपयोग काय? आणि शोधातून येणारा माणूस थेट तिसऱ्या भागावर उतरतो. पहिला कुठे ते त्याला माहीत नसतं, शोधायची त्याची तयारीही नसते. माहितीपर लेखमालांचा दुसरा भाग पहिल्याहून कमी वाचला जातो आणि तिसरा त्याहून कमी. कुठल्याही मालिकेची वाचनसंख्या उघडून बघा.

मध्यरात्र

@खोडरबर, अहो पण एका बैठकीत साडेचार हजार वाचणार कोण? चार भागांतला एक तरी पूर्ण वाचला जाईल. शिवाय प्रत्येक भाग स्वतंत्रपणे शेअर होतो.

खोडरबर

शेअर झाला म्हणजे वाचला गेला असं नाही ना. संकेतस्थळांवरचं वाचन मोजणाऱ्या चार्टबीट कंपनीचे टोनी हेल यांनी २०१४ मध्ये हेच मांडलं होतं. पानं उघडणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १५ सेकंदही लक्ष देऊन थांबले नाहीत. आणि समाजमाध्यमांवर एखादा लेख किती फिरतो याचा तो किती वाचला जातो याच्याशी त्यांना संबंधच आढळला नाही. शीर्षक वाचून पुढे ढकलणाऱ्या माणसासाठी लांबी ठरवायची नसते.

एक मात्र मान्य करतो. भाग स्वतःच्या पायावर उभे असतील तर तोडायला हरकत नाही. 'स्टँड कसा निवडावा' हा प्रश्न दुर्बीण आधीच घेऊन बसलेल्यालाही पडतो, तो वेगळा लेख होऊ शकतो. 'प्रकाश भिंगातून कसा वळतो' हाही होईल, पण त्याचा वाचक निराळा. म्हणजे शब्द मोजून चार सारखे तुकडे करू नका. जिथे वाचक बदलतो तिथे तोडा.

मध्यरात्र

हं. हे पटलं. तरी पुभाप्र लिहायची संधी गेली याचं दुःख आहेच.

कानसेन

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्यामुळे या चर्चेत माझी बाजू थोडी वेगळी.

तुम्ही लोक लेख उघडला की बोटाने सर्रकन खाली जाऊन अंदाज घेता की किती मोठा आहे, कुठे चित्र आहे, कुठे यादी आहे. मला ते जमत नाही. माझ्याकडे त्याऐवजी शीर्षकं आहेत. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरमध्ये 'एच' कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर उडी. पाच-सात वेळा दाबलं की सगळ्या लेखाचा नकाशा कानात. मग मला हवं तिथेच मी थांबतो. साडेचार हजारांच्या लेखाला नीट शीर्षकं असतील तर तो मला मुळीच लांब वाटत नाही. आठशेचा लेख एकही शीर्षक नसताना सलग ओतलेला असेल तर डोकं उठतं.

आणि कृपा करून अक्षरं मोठी-ठळक करून 'शीर्षक' म्हणू नका. ते डोळ्यांना शीर्षक दिसतं, माझ्या यंत्राला साधा परिच्छेदच ऐकू येतो. संपादकात शीर्षकाचा वेगळा पर्याय असतो, तो वापरा. शीर्षकातही 'थोडंसं प्रास्ताविक' किंवा 'गंमत अशी की' असलं काही नको. 'व्यास किती हवा' असं थेट लिहा.

स्वल्पविराम

कानसेन यांना शंभरदा अनुमोदन. डोळ्यांनी वाचणारेही हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

टंकनिका

+१. माझी पण 'गंमत अशी की' छाप शीर्षकं आहेत, आज बदलते.

उलटा पाऊस

सगळे कापायच्याच मागे लागलेत म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो. मी इंटरनेटवर येतो ते लांब वाचायला. छोटं काय, दिवसभर मोबाइलवर आपटतच असतं. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण का बनवली? तर भिंगातून दिसणाऱ्या प्रतिमेच्या कडेचे रंग त्याला नको होते. हा तुमच्या लेखातला 'इतिहास' आजही स्वस्त भिंगाच्या दुर्बिणीत चंद्राच्या कडेला जांभळट झालर बनून दिसतो. तो भाग काढून टाकलात तर माझ्यासारखा माणूस का थांबेल? 'हे घ्या, ते टाळा' अशा याद्या ढिगाने पडल्यात.

नाठाळ

पण मग तो इतिहास जांभळ्या झालरीपाशी सांगा की. सुरुवातीला "इ. स. १६०९ मध्ये गॅलिलिओने…" म्हणून कशाला?

उलटा पाऊस

तेच म्हणतोय. काढू नका, हलवा.

खोडरबर

नाठाळ आणि उलटा पाऊस एकमेकांशी सहमत. या धाग्याची नोंद घ्यावी.

गवाक्ष

वाचतोय सगळं, भर घालत रहा. स्वल्पविराम यांची पेन्सिल चालवून बघितली. प्रकाशशास्त्राच्या तीन परिच्छेदांपुढे वाचकाचा एकही प्रश्न लिहिता येईना, ते वेगळे काढले. खोडरबर म्हणतात तसा त्यांचा स्वतंत्र लेख करीन. न्यूटन झालरीपाशी गेला. उरलं ते साधारण अठ्ठावीसशे.

आता दुसरी अडचण. आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटाचं एक ईमेल वार्तापत्र जातं. पूर्वी एक लांब लेख त्यातून पाठवला होता, तेव्हा बऱ्याच जणांना तो अर्धवटच दिसला. तिथेही काही शब्दमर्यादा असते का?

टंकनिका

शब्दांची नाही, वजनाची असते. जीमेल साधारण १०२ केबीच्या वरचा संदेश मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पहा' असा दुवा ठेवतं. इथे देवनागरीला पुन्हा भुर्दंड. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक संकेतांकाला तीन. तुमचे मूळचे साडेचार हजार शब्द नुसत्या मजकुरानेच नव्वदीच्या आसपास गेले असते. त्यावर वार्तापत्राच्या साच्याचा एचटीएमएल चढला की मर्यादा ओलांडलीच. तेवढ्याच लांबीचा इंग्रजी लेख आरामात गेला असता, म्हणून इंग्रजी सल्ले वाचून हे लक्षात येत नाही. अठ्ठावीसशेला बहुधा धोका नाही, पण वर्डमधून थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत अदृश्य कचरा येतो आणि तोही वजनात धरला जातो.

मी म्हणेन ईमेलमध्ये लेख पाठवूच नका. सुरुवातीचे दोन परिच्छेद आणि दुवा. मात्र त्या दोन परिच्छेदांत कामाचं काहीतरी पूर्ण हवं. "सविस्तर वाचण्यासाठी इथे टिचकी मारा" म्हणून उपाशी ठेवलेल्या वाचकाला राग येतो, आणि तो योग्यच असतो.

स्वल्पविराम

ते दोन परिच्छेद मूळ लेखाचेही पहिले दोन असू द्यावेत. वेगळा गोषवारा लिहायला बसलात की तिथे पुन्हा नमन सुरू होईल.

गवाक्ष

करतोय. नवी सुरुवात अशी:

"दुर्बिणीच्या खोक्यावरचा 'इतके पट' हा आकडा वाचू नका, भिंगाचा किंवा आरशाचा व्यास वाचा. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वर्धन नेलं की चित्र मोठं होतं पण धूसर होत जातं. म्हणजे साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीची मजल १२० पटींपर्यंत, ५०० हा निव्वळ छापील आकडा. दुर्बिणीला हात लावून बघा. प्रतिमा हलायची थांबायला काही सेकंद लागत असतील तर स्टँड कमकुवत आहे, ती घेऊ नका. व्यास आणि स्टँड या दोन्हींना पुरेल एवढे पैसे नसतील तर ७ × ५० किंवा १० × ५० ची (पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा व्यासाचा) द्विनेत्री म्हणजे बायनॉक्युलर घ्या, दुर्बीण पुढच्या वर्षी."

याच्या खाली मग 'व्यास किती हवा', 'भिंग की आरसा', 'स्टँड' अशी शीर्षकं.

नाठाळ

"निव्वळ छापील आकडा" आवडलं. "छापील"च्या आधीचा "निव्वळ" काढला तरी चालेल. बाकी ठीक. यापुढचं न वाचणाराही फसणार नाही.

कानसेन

शीर्षकं ऐकून बघितली, सरळ आहेत. आणि हा उतारा मला दुर्बिणीत काडीचा रस नसताना पूर्ण ऐकवला.

मध्यरात्र

अवांतर आहे, पण राहवत नाही. माझ्याकडे १० × ५० पडून आहे. हात फार हलतो, गुरूचे उपग्रह कधीच धड दिसले नाहीत. ती पण स्टँडवर लावता येते का?

गवाक्ष

येते. दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला बहुतेक द्विनेत्रींत एक छोटं टोपण असतं, ते फिरवून काढा. आत आटे दिसतील. तिथे इंग्रजी 'एल'च्या आकाराची जोडपट्टी बसते आणि ती कॅमेऱ्याच्या साध्या तिवईवर लागते. टोपण नसेल तर कळवा, दुसरा उपाय आहे.